कागदाचा मकबरा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहराच्या उत्तरेस हर्सूल आहे. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून अजिंठ्याच्या दिशेने निघाले, की हा भाग लागतो. एके काळी वेगळे असलेले हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. तरी तेथील तलावामुळे त्याचे जुने गावपण अगदीच पुसले गेलेले नाही. ह्या भागातील मुलांना बीबीचा मकबरा परका नसतो. घरी पाहुणे आले, की त्यांना मकबरा दाखवावयास न्यावे लागते, आणि पाहुणे बहुधा एकच वाक्य बोलतात: "अगदी ताजमहालासारखा दिसतो, नाही?"

दिसतो खरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम 1657 मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ तिचा मुलगा आझमशहा ह्याच्या नावाने ही वास्तू उभी राहिली. 1660 च्या सुमारास ती आकारास आली. तिचा रचनाकार अताउल्ला हा ताजमहालाचे प्रमुख स्थपती उस्ताद अहमद लाहोरी ह्यांचा मुलगा. बापाने आग्र्यास जे बांधले, तेच मुलाने दक्षिणेत लहान प्रमाणावर बांधावयास घेतले. पैसा मात्र फारच थोडा होता. ताजमहालास सुमारे तीन कोटी वीस लाख रुपये लागले असे सांगतात, तर मकबऱ्याचा खर्च सात लाखांच्या आतच नोंदलेला आहे. म्हणून घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवराचा, आणि बाकीचे बांधकाम काळ्या दगडाचे व वर पांढऱ्या गिलाव्याचे, अशी तडजोड करावी लागली.

परंतु खर्चाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी एक वेगळीच अडचण उरते. ताजमहाल पाहताना मधला घुमट हाच राजा वाटतो आणि चार मिनार त्याच्यापासून अदबीने दूर उभे असलेले दिसतात. मकबऱ्यात मिनार घुमटाला लगटून उभे आहेत आणि त्याच्या मानाने उंचही वाटतात. सर्व भाग सारख्याच प्रमाणात लहान झाले नाहीत, म्हणून मकबरा ताजमहालाइतका सुडौल दिसत नाही, असे अनेक जाणकारांचे मत आहे. त्यात सगळा दोष रचनाकाराचा मानणे बरे नव्हे. इमारत निम्मी करता येते, पण माणूस निम्मा करता येत नाही. मिनाराच्या आतील जिन्याने चढणाऱ्याचा पाय तेवढाच राहतो. म्हणून पायरी तेवढीच ठेवावी लागते, दरवाजा माणसाच्या उंचीचाच ठेवावा लागतो, आणि जिना मावेल इतका मिनार जाड ठेवणे भाग पडते. वस्तू लहान किंवा मोठी करताना काय बदलावे आणि काय बदलू नये, हा प्रश्न दगडात जितका अवघड, तितकाच तो कागदातही अवघड असतो.

आता समजा, हर्सूल येथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाने प्रदर्शनासाठी ह्याच मकबऱ्याची कागदी प्रतिकृती करावयाचे ठरविले आहे. पूर्वी असे काम कात्री, पट्टी आणि डिंक ह्यांवर चाले. आता संगणकास जोडलेले कटिंग मशीन काही शाळांतून व पुष्कळशा दुकानांतून आढळते. ह्या यंत्रात एक बारीक पाते असते. चिकट पृष्ठभागाच्या एका चौकोनी मॅटवर कार्डशीट चिकटवून ते यंत्रात सारावयाचे. मग संगणकातील आकृती पाहून पाते पुढेमागे फिरते आणि एरवी तासभर लागले असते असे जाळीचे काम काही मिनिटांत कापून देते. पाते चुकत नाही. ते सांगितले तेच कापते, आणि नेमकी तेथेच भीती असते, कारण सांगण्यात चूक झाली तर तीही ते तितक्याच काळजीपूर्वक कापते.

वर्गाजवळ प्रतिकृतीचे जे आरेखन आहे, त्यात चौथरा वीस सेंटीमीटरचा आहे. प्रदर्शनातील पेटीत मात्र तीस सेंटीमीटरची प्रतिकृती शोभेल. वीसाचे तीस, म्हणजे दीडपट. काम सोपे वाटते. परंतु हे आरेखन एकसंध चित्र नाही. भिंती, कमानी, घुमटाच्या पाकळ्या, मिनारांच्या पट्ट्या, त्यांचे तळ, चौथऱ्याच्या बाजू असे कितीतरी सुटे तुकडे त्यात आहेत. एखादे चित्र मोठे करताना थोडी चूक झाली, तर ते थोडे लांबट दिसेल, इतकेच. सुट्या तुकड्यांची वस्तू मोठी करताना तशीच चूक झाली, तर ती वस्तू उभीच राहत नाही.

मिनाराचेच उदाहरण घ्या. तो आठ पैलूंचा करावयाचा आहे. त्यासाठी आठ सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी असते; तिच्यावर एकेक सेंटीमीटरवर घडीच्या रेषा असतात. पट्टी वळवून जोडली, की ती ज्या अष्टकोनी तळावर बसते, त्याची प्रत्येक बाजूही एक सेंटीमीटरची असते. दीडपट केल्यावर पट्टी बारा सेंटीमीटरची आणि तळाची प्रत्येक बाजू दीड सेंटीमीटरची व्हावयास हवी. पण एखाद्याने पट्टी निवडली, तिची उंचीच तेवढी ओढून दीडपट केली, आणि रुंदी आठच राहिली. तर तळाचा घेर बारा आणि पट्टी आठ. चार सेंटीमीटरची फट राहील, आणि जगातला कोणताही डिंक ती भरून काढू शकणार नाही. अशी चूक टाळण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रुंदी व उंचीच्या रकान्यांजवळ लहानसे कुलपाचे चिन्ह असते. ते कुलूप लावलेले असले, की रुंदी बदलताच उंची आपोआप त्याच प्रमाणात बदलते. कुलूप उघडे आहे की लावलेले, हे आधी पाहावे.

पण कुलूप एका तुकड्यापुरतेच राखण करते. तुकड्यातुकड्यांमधील नाते राखावयाचे असेल, तर सर्व तुकडे एकदम निवडून त्यांचा एक गट करावा आणि तो गट एकाच वेळी मोठा करावा. मग पट्टी, तळ, पाकळ्या आणि कमानी सगळ्या एकाच मापाने वाढतात. पुष्कळ मुले पहिल्या उत्साहात गट सोडवून टाकतात आणि एकेक तुकडा डोळ्यांच्या अंदाजाने ओढू लागतात. पडद्यावर सारे ठीक दिसते. बिघाड कळतो तो जोडताना.

कधी कधी तुकडे वेगवेगळ्या फाइलींत असतात आणि सर्वांचा एक गट करणे जमत नाही. तेव्हा प्रत्येकाचे माप गणिताने काढावे लागते, आणि येथे एक फसवी जागा आहे. सॉफ्टवेअर तुकड्याचे माप सांगते, ते त्याच्या सर्वांत बाहेरच्या कडांचे. भिंत सहा सेंटीमीटरची असली आणि तिला चिकटविण्यासाठी आठ मिलिमीटरचा कान ठेवलेला असला, तर रकान्यात 6.8 असा आकडा दिसेल. मुलाला ठाऊक असते की भिंत सहाची आहे. तो सहाची दीडपट नऊ करतो आणि रकान्यात 9 लिहितो. परिणाम असा, की कानासकट तुकडा नऊचा होतो आणि प्रत्यक्ष भिंत आठाच्याही किंचित आत राहते. रकान्यात जो आकडा दिसतो, त्याचीच दीडपट करावयास हवी: 6.8 ची दीडपट 10.2. मग त्यातील भिंत बरोबर नऊ होते.

टक्क्यांचाही असाच एक चकवा आहे. वीस सेंटीमीटरचा चौथरा 120 टक्के केला, म्हणजे तो चोवीस झाला. तो फार मोठा वाटला म्हणून आता 80 टक्के केला, तर पुन्हा वीस होईल काय? होत नाही. चोवीसचे 80 टक्के 19.2 होतात. वाढविताना टक्के विसावर मोजले होते, घटविताना ते चोविसावर मोजले गेले. असे दोनचारदा मागेपुढे केलेले तुकडे मूळ मापास कधीच परत येत नाहीत. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि प्रत्येक वेळी तिच्यापासूनच सुरुवात करावी.

आणखी एक गंमत आहे, आणि ती मुलांच्या हातून नव्हे, तर संगणकाच्या पोटात घडते. काही आरेखनांत मापे इंचांत किंवा सेंटीमीटरांत लिहिलेली नसतात. नुसते ठिपक्यांचे आकडे असतात. एका सॉफ्टवेअरच्या हिशेबी 96 ठिपके म्हणजे एक इंच, तर दुसऱ्याच्या हिशेबी 72 ठिपके म्हणजे एक इंच. त्यामुळे पहिल्यात बारा सेंटीमीटरचा काढलेला तुकडा दुसऱ्यात उघडला, की तो सोळाचा होऊन बसतो. कोणी हात लावलेला नसतो आणि माप मात्र बदललेले असते! अनुभवी कारागीर ह्यावर साधा उपाय करतात. ते सर्व तुकड्यांच्या शेजारी एक इंचाचा एक चौरस काढून ठेवतात. फाइल उघडल्यावर तो चौरस एक इंचाचाच दिसला, तर बाकीचे तुकडेही खरे समजावेत.

वस्तू लहानमोठी करण्याची ही विद्या संगणकाबरोबर जन्मलेली नाही. सिनेमाचे मोठाले फलक रंगविणारे चित्रकार लहान छायाचित्रावर चौकटी आखत, तितक्याच चौकटी भल्यामोठ्या फलकावर आखत, आणि एकेका चौकटीत काय आहे ते पाहून चेहरा उतरवीत. युरोपात क्रिस्टोफ शायनर ह्याने 1603 मध्ये काड्या सांध्यांनी जोडून एक साधन केले. त्याचे एक टोक चित्रावरून फिरविले, की दुसरे टोक तेच चित्र मोठे किंवा लहान काढी. त्याला पँटोग्राफ म्हणतात. कटिंग मशीनच्या सॉफ्टवेअरमधील कुलपाचे चिन्ह आणि शायनरच्या त्या काड्या, दोहोंचे काम एकच.

आता अवघड भागाकडे येऊ. सर्व तुकडे गट करून दीडपट केले, प्रमाण कोठेही बिघडले नाही, आणि तरीही प्रतिकृती ढिली होते. असे का व्हावे?

कारण कागदाची जाडी दीडपट झालेली नसते. प्रतिकृतीत दोन भिंती एकमेकींत अडकविण्यासाठी खाचा असतात. मूळ आरेखन 0.3 मिलिमीटर जाडीच्या कार्डासाठी असेल, तर खाच तेवढीच रुंद ठेवलेली असते आणि भिंत तीत घट्ट बसते. दीडपट केल्यावर खाच 0.45 मिलिमीटरची होते. कार्ड मात्र तेच, 0.3 चे. भिंत खाचेत डुगडुगू लागते. उलट प्रतिकृती निम्मी केली, तर खाच 0.15 मिलिमीटर उरते आणि कार्ड तीत शिरतच नाही. मकबऱ्याच्या पायऱ्यांची जी गोष्ट, तीच येथे. खाचेची रुंदी प्रतिकृतीच्या मापावर नव्हे, तर हाती असलेल्या कागदाच्या जाडीवर ठरते. म्हणून सर्व काही मोठे करून झाल्यावर खाचांकडे परत यावे आणि त्यांची रुंदी कागदाप्रमाणे पुन्हा बसवावी. खाचेची लांबी मात्र दीडपटच राहिली पाहिजे, नाहीतर भिंती अर्ध्यावर अडकतील.

येथे कागदाची निवडही पाहावी लागते. पातळ कार्डाची लहान भिंत ताठ उभी राहते. तीच दीडपट केली, की मध्ये पोक काढते. गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडांविषयी असेच एक निरीक्षण मांडले आहे. प्राणी मोठा झाला, तर त्याचे हाड नुसते त्याच प्रमाणात लांबरुंद होऊन भागत नाही. भार पेलण्यासाठी ते प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते. ग्रंथात त्याने लहान प्राण्याचे सडपातळ हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचे, पण बेढब वाटावे इतके जाड हाड शेजारी शेजारी काढून दाखविले आहे. मकबऱ्याच्या कागदी भिंतींसही हा नियम लागू पडतो. म्हणून वर्गाने 0.5 मिलिमीटर जाडीचे कार्ड घ्यावयाचे ठरविले, तर ते योग्यच होईल. पण मग पाहा, आताच ढिली म्हणून नावे ठेवलेली 0.45 ची खाच ह्या नव्या कार्डास अरुंद पडते!

कागदाच्या बाबतीत हा जिल्हा मोठा भाग्यवान आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. तेथे हाताने कागद करण्याची कला मुहंमद तुघलकाच्या काळापासून चालत आली आहे असे सांगतात. एखाद्या मुलाला हा हातकागद प्रतिकृतीसाठी वापरावासा वाटला, तर तो दिसेलही सुंदर. मात्र हातकागद सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. त्याच्यासाठी खाच किती ठेवावी, हे तुकडा कापून पाहिल्यावाचून कळणार नाही.

चिकटविण्याच्या कानांचेही खाचांसारखेच आहे. आठ मिलिमीटरचा कान बोटाने दाबावयास पुरेसा असतो. दीडपट केल्यावर तो बारा मिलिमीटरचा होतो. त्याने बिघडत काही नाही, कागद मात्र उगाच जातो. निम्मा केल्यास तो चार मिलिमीटरचा होतो आणि बोट ठेवावयास जागा राहत नाही. कान घडीच्या रेषेपलीकडे असतो, म्हणून तो कमीजास्त केल्याने भिंतीचे माप ढळत नाही.

मकबऱ्याची संगमरवरी जाळी प्रसिद्ध आहे, आणि प्रतिकृती लहान करताना हीच जाळी सर्वांत आधी दगा देते. दोन छिद्रांमधील कागदाची पट्टी मुळात एक मिलिमीटरची असेल, तर निम्म्या मापात ती अर्ध्या मिलिमीटरची होते. पाते तिला कापण्याऐवजी उचलून नेते. नकाशे काढणारे ह्या संकटातून कसे सुटतात ते पाहावे. शहराच्या नकाशावर खाम नदीची वळणे नीट दाखविता येतात. भारताच्या नकाशावर मात्र ती नदी काढीतच नाहीत. त्याचप्रमाणे लहान प्रतिकृतीत जाळीची छिद्रे संख्येने कमी आणि आकाराने मोठी करावीत. जाळी खोटी होत नाही, दुरून पाहिल्यासारखी होते.

आता कागद किती लागेल ह्याचा हिशेब. मूळ प्रतिकृती चार कार्डशीटांत होत असे. दीडपटीसाठी सहा शीट लागतील असे पुष्कळांना वाटते, आणि तेथेच ऐन वेळी धांदल उडते. तुकडा लांबीने दीडपट वाढतो आणि रुंदीनेही दीडपट वाढतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. चारांची सव्वादोन पट नऊ. निदान नऊ शीट लागतील. वर्गणी थोडी असेल आणि दहाच शीट आणले असतील, तर हाती उरते फक्त एक.

शेवटची अडचण मॅटची. बहुतेक घरगुती यंत्रांचे मॅट बारा इंच रुंदीचे, म्हणजे साडेतीस सेंटीमीटरहून किंचित कमी असते, आणि कडेची थोडी जागा पात्याला वापरता येत नाही. तीस सेंटीमीटरचा चौथरा त्याच्या कानांसह त्यावर बसणार नाही. येथे काही मुले चौथराच थोडा लहान करून मोकळी होतात. मग त्यावर उभे राहणारे चारही मिनार कडेबाहेर झुकतात. चौथरा लहान न करता त्याचे मधोमध दोन भाग करावेत आणि आतून एक पट्टी चिकटवून ते जोडावेत. जोड जेथे मिनार किंवा भिंत उभी राहणार तेथे आणला, तर तो दिसतही नाही.

इतके सर्व जुळले, तरी नऊ शीट एकदम कापावयास घेऊ नयेत. उरलेले दहावे शीट ह्याच वेळी उपयोगी पडते. त्यातून एक मिनाराची पट्टी, तिचा अष्टकोनी तळ, आणि एकमेकींत अडकणाऱ्या दोन भिंतींचे खाचांसकट लहान तुकडे कापावेत. भिंत खाचेत सरकवून हात सोडून पाहावा. ती डुगडुगली तर खाच थोडी अरुंद करावी, अडली तर थोडी रुंद करावी, आणि त्याच शीटाच्या कोपऱ्यातून पुन्हा एक तुकडा कापून पाहावा. मग पट्टी एकेका घडीवर मोडत तळाभोवती फिरवावी. सहावी घडी, सातवी घडी, आणि आठव्या बाजूची कड पहिल्या कडेस येऊन नेमकी भिडली, की पहिले शीट मॅटवर चिकटवावयास हरकत नाही.